दानशूर नाना आणि १८४७ चे एक टिपण

नाना शंकरशेट यांचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात एक यादी उभी राहते. एल्फिन्स्टन कॉलेज, ग्रँट मेडिकल कॉलेज, गिरगावातील मुलींची शाळा, बॉम्बे असोसिएशन, रेल्वे, मुंबई विद्यापीठ, सोनापूरची स्मशानभूमी, संस्कृतची शिष्यवृत्ती. शालेय पाठ्यपुस्तकांपासून शताब्दी-ग्रंथांपर्यंत ही यादी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. तिला जोडून ‘दानशूर’, ‘आधुनिक मुंबईचे शिल्पकार’ अशी विशेषणे येतात आणि लेख संपतो. यादीतील नोंदी खोट्या नाहीत. तरीही एखाद्या माणसाचे स्मरण केवळ यादीच्या रूपाने होऊ लागले, की त्याने कशासाठी भांडण केले आणि कोणाशी केले, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. यादीला विरोधक नसतात. नानांना ते होते.

आम्ही एम.ए.च्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातील मराठी भाषाविचार शिकवतो. दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, मोल्सवर्थचा कोश, पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ हा नेहमीचा क्रम. या क्रमात नानांना जागा नसते. फार तर ‘आश्रयदाते’ म्हणून एका वाक्यात त्यांचा उल्लेख होतो. काही वर्षांपूर्वी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘नाना मराठीच्या बाजूचे होते असं सगळे म्हणतात. पण त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं, ते आपण का वाचत नाही?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही जे कागद वाचले, त्यांपैकी एका कागदाविषयी, आणि असे कागद वाचताना घ्यावयाच्या काळजीविषयी, प्रस्तुत लेखात लिहीत आहोत.

आधी नावाविषयी. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. मृत्यू ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत. ‘मुरकुटे’ हे आडनाव सरकारी कागदांत क्वचितच भेटते. वडिलांचे नावच आडनावासारखे वापरण्याची त्या काळची रीत होती आणि इंग्रज कारकुनांनी ते कानावर पडले तसे उतरवून घेतले. त्यामुळे एकच माणूस कुठे ‘जगोनाथ सनकरसेट’, कुठे ‘जगन्नाथजी शुनकरसेट’, कुठे ‘जगन्नाथ शंकरशेठ’ असा दिसतो. सूचीत ‘शंकरशेट’ खाली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा काहीच मिळत नाही, कारण नोंद ‘जगन्नाथ’ खाली असते. दप्तरखान्यात नव्याने जाणाऱ्याने रोमन लिपीतील या नावाची पाच-सहा वळणे आधीच वहीत लिहून न्यावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.

लिप्यंतराची ही गंमत या घराण्याच्या वाट्याला आणखी एकदा आली आहे. मुंबईच्या कोटभागात ‘गनबो स्ट्रीट’ नावाचा रस्ता होता; पुढे त्याला रुस्तुम सिधवा मार्ग हे नाव मिळाले. इंग्रजी वाचणाऱ्याला या नावात तोफ किंवा विहीर, असे काहीतरी ऐकू येते. १९१७ साली मुंबईच्या स्थलनामांवर पुस्तक लिहिणारे शेपर्ड मात्र त्याचे मूळ ‘गणबाशेट’ या नावात दाखवतात. हे गणबाशेट नानांचे पूर्वज. एका मराठी व्यापाऱ्याचे नाव शहराच्या नकाशावर राहिले खरे, परंतु ते ओळखू येणार नाही अशा रूपात राहिले. नानांच्या विचाराचेही थोडेफार असेच झाले आहे, हे पुढे दिसेल.

आता कागदांविषयी. सार्वजनिक कार्यकर्त्याचे कागद एका जातीचे नसतात. इतिवृत्त, अर्ज, वार्षिक अहवाल, वर्गणीची यादी, कायद्याचे परिशिष्ट, पोलिसी टाचण या प्रत्येक प्रकारात माणूस निराळ्या रीतीने हजर असतो. वर्गणीच्या यादीत तो नाव आणि आकडा असतो. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून निवृत्त होऊन निघाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ अध्यापकपदे निर्माण करण्यासाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. अशा याद्यांतून दात्याची ऐपत कळते. दानामागचा विचार कळत नाही.

अर्जात माणूस अनेकांपैकी एक असतो. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. सर जमशेटजी जिजीभाई सन्माननीय अध्यक्ष, नाना अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी व नानांचे चिरंजीव विनायकराव हे चिटणीस. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले होते. त्या निमित्ताने असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभारात एतद्देशीयांना वाटा मिळावा, मोठ्या पगाराच्या जागा त्यांनाही खुल्या व्हाव्यात, कायदे करणाऱ्या मंडळात त्यांना स्थान असावे, अशा स्वरूपाच्या मागण्या त्यात होत्या. पुढे दहा वर्षांनी, १८६२ साली, नाना मुंबईच्या कायदेकौन्सिलात सभासद म्हणून बसले. त्यांच्या नावामागे ‘नामदार’ लागले ते त्यामुळे. पण १८५२ चा अर्ज नानांचा म्हणून उद्धृत करणे घाईचे ठरेल. ‘आम्ही खाली सह्या करणारे’ असे म्हणणाऱ्या कागदात अनेकांची मते तासून एकत्र बसवलेली असतात. त्यात कोणाचा शब्द कोणता, हे वेगळे काढता येत नाही, आणि अर्जाचा हेतूही तो नसतो.

पोलिसी टाचणात माणूस संशयित असतो. १८५७ च्या उठावाच्या काळात नानांवरही संशय घेतला गेला. चौकशीत तो निराधार ठरला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाचा कायदा संमत झाला आणि त्यात नेमलेल्या पहिल्या फेलोंमध्ये नानांचे नाव होते. एकाच सरकारच्या एका कागदावर विश्वासाचा माणूस आणि दुसऱ्या कागदावर पाळत ठेवण्याजोगा माणूस! दोन्ही नोंदी एकाच वर्षातील आहेत. चरित्रकार बहुधा यांपैकी एकच उचलतो. गौरव करणारा फेलोशिप घेतो, राष्ट्रवादी नायक शोधणारा संशय घेतो. खरे तर त्या काळी शेठ मंडळींचे सरकारशी असलेले नाते समजण्यासाठी हे दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

या सर्व प्रकारांहून वेगळा असा एक प्रकार आहे. इंग्रजी कारभारात त्याला ‘मिनिट’ म्हणत. सभेच्या इतिवृत्तालाही इंग्रजीत जवळपास तोच शब्द असल्याने विद्यार्थ्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो. हे ‘मिनिट’ म्हणजे सभासदाने एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर स्वतःच्या नावाने, कारणे देऊन लिहिलेले टिपण. मेकॉलेचे १८३५ चे शिक्षणविषयक लेखन याच जातीचे. टिपणात लेखक एकटा असतो, त्याच्यासमोर ठराविक विरोधक असतो आणि आपल्या म्हणण्याची जबाबदारी त्याला घ्यावी लागते. नानांचे असे एक टिपण १८४७ सालचे आहे. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनपुढे ते मांडले गेले. पुढे कलकत्त्याच्या ब्यूरो ऑफ एज्युकेशनने शिक्षणविषयक निवडक कागदपत्रांचे दोन भाग काढले. त्यांतील रिची यांनी संपादित केलेल्या १९२२ च्या दुसऱ्या भागात ते छापलेले आहे. म्हणजे त्यासाठी धूळ झटकून रुमाल सोडण्याचीही गरज नाही. चांगल्या ग्रंथालयात ते मिळते.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. एल्फिन्स्टनच्या काळात स्थापन झालेल्या आणि १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने चाललेल्या संस्थेने मराठी-गुजराती शाळा आणि शालेय पुस्तके यांवर भर दिला होता. सदाशिव काशिनाथ छत्रे आणि नंतर बाळशास्त्री जांभेकर यांनी या संस्थेचे नेटिव्ह सेक्रेटरी म्हणून काम केले. मराठी गद्याची पहिली घडण ज्या पाठ्यपुस्तकांतून झाली, त्यांपैकी कित्येक या संस्थेची आहेत. १८४० साली तिची जागा बोर्ड ऑफ एज्युकेशनने घेतली. त्यावर सरकारने नेमलेल्या युरोपीय सभासदांबरोबर तीन एतद्देशीय सभासद होते : नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक मराठी हिंदू, एक पारशी, एक कोकणी मुसलमान.

१८४३ पासून बोर्डाचे अध्यक्षपद सर अर्स्किन पेरी यांच्याकडे होते. पेरी सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. मनाने उदार आणि आपल्या मताला चिकटून राहणारे. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षणासाठी मिळणारा पैसा तुटपुंजा आहे. तो पुष्कळांच्या जेमतेम शिक्षणावर पसरण्यापेक्षा थोड्यांच्या उत्तम शिक्षणावर खर्चावा. हे उत्तम शिक्षण इंग्रजीतूनच होऊ शकते, कारण आधुनिक विद्येचे ग्रंथ देशी भाषांत नाहीत. आणि वरच्या वर्गांना मिळालेले ज्ञान कालांतराने खाली झिरपेल. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते कर्नल जॉर्ज जर्व्हिस. हे इंजिनिअर. गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम त्यांनी पूर्वी प्रत्यक्ष केले होते. देशी भाषांत शास्त्र सांगता येत नाही, या म्हणण्याचे उत्तर त्यांच्याजवळ छापील स्वरूपात होते. तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने गेले.

या वादाचे चित्र ‘इंग्रज इंग्रजीच्या बाजूने आणि आपण मराठीच्या बाजूने’ असे रंगवण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. देशी भाषांचा आग्रही पुरस्कार करणारा एक इंग्रज अधिकारी होता. उलट इंग्रजी शिक्षणाची मागणी करणारे एतद्देशीय तरुण मुंबईत पुष्कळ होते, कारण नोकरीची वाट तिकडून जात होती. नानांसारख्या धनिकाला स्वतःच्या घरापुरते पाहायचे असते तर पेरींचे धोरणच सोयीचे होते. त्यांच्या मुलाला इंग्रजी मिळालेच होते. म्हणून नानांनी कोणती कारणे दिली, हे महत्त्वाचे ठरते.

टिपणाचा आशय असा. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोहोचवायचे असेल, तर माध्यम म्हणून इंग्रजीपेक्षा देशी भाषा अधिक समर्थ आहेत, हे नाना आरंभीच स्पष्ट करतात. इंग्रजीच्या अभ्यासाला आपला विरोध नाही, हे ते एकदा सांगून थांबत नाहीत, पुन्हा सांगतात. जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी शाळा निघाव्यात, अशी आशाही ते व्यक्त करतात. परंतु हेतू एका लहान वर्गाला सुशिक्षित करण्याचा नसून लोकसमूहाची बुद्धी सुधारण्याचा असेल, तर इंग्रजी त्या समूहाच्या आवाक्याबाहेरची आहे, असे त्यांचे म्हणणे. येथपर्यंत हा युक्तिवाद जर्व्हिस यांच्या युक्तिवादाशी समांतर चालतो. त्यानंतर मात्र नाना एक प्रश्न विचारतात आणि तेथे टिपणाचे वजन बदलते. शिक्षणाची ही योजना या देशातील स्त्रियांपर्यंत दुसऱ्या कोणत्या मार्गाने नेता येईल, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूने आपल्याकडे जी कारणे नेहमी दिली जातात, ती दोन प्रकारची असतात. एक मानसशास्त्रीय : मुलाला स्वभाषेत चटकन समजते. दुसरे अस्मितेचे : भाषा टिकली तर समाज टिकेल. चिपळूणकरांपासून आजच्या मराठी शाळांच्या चळवळीपर्यंत ही दोन कारणे आलटून पालटून येतात. नानांचे कारण तिसरे आहे आणि ते वाटपाचे आहे. ज्ञान कोणाला मिळणार आणि कोणाला मिळणार नाही, हे भाषेच्या निवडीवर ठरते. घराबाहेर न पडणारी, नोकरीच्या बाजारात न उतरणारी, म्हणून इंग्रजी शिकण्याचे कोणतेही निमित्त नसलेली स्त्री डोळ्यांसमोर ठेवली, की ‘वरून खाली झिरपेल’ या सिद्धान्ताची अडचण एका क्षणात कळते. ज्ञान वरच्या वर्गातून खालच्या वर्गात झिरपण्याची गोष्ट दूरच राहिली. वरच्या वर्गाच्या स्वतःच्या घरातही ते ओटीवरून माजघरात झिरपत नाही. हे शेवटचे वाक्य आमचे आहे, नानांचे नव्हे. परंतु त्यांच्या प्रश्नाचा रोख तिकडेच जातो, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न केवळ वादात जिंकण्यासाठी टाकलेला नव्हता, याचा पुरावा दुसऱ्या कागदांत आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या उमेदीच्या सभासदांपैकी एक. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. १८४९ साली सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. मुलींच्या शाळेला जागा देणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि जातभाईंचा रोष ओढवून घेणे, असे ते दिवस होते. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. पुढे ती शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

दानाच्या यादीत ही घटना ‘मुलींच्या शाळेस जागा दिली’ अशी एका ओळीत येते आणि औदार्याची नोंद म्हणून वाचली जाते. १८४७ चे टिपण वाचल्यावर तीच ओळ निराळी दिसू लागते. बोर्डापुढे जो प्रश्न त्यांनी विचारला होता, त्याचे उत्तर दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच्या घरात दिले. जागा देणे ही त्या युक्तिवादाची पुढची पायरी होती. दान आणि विचार यांची अशी फारकत केली, की माणूस थोर दिसतो, पण विचार करणारा दिसत नाही. आपल्या चरित्रलेखनाने शेठ मंडळींच्या बाबतीत ही फारकत सर्रास केली आहे. पु. बा. कुलकर्णी यांनी १९५९ साली नानांचे जे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले, त्याच्या मागे कागदपत्रांचे मोठे परिश्रम आहेत, आणि नानांविषयी लिहिणारा प्रत्येकजण त्यांचा ऋणी आहे. मात्र त्या परिश्रमातून पुढच्या लेखकांनी उचलली ती पुन्हा यादीच.

वादाचा शेवट काय झाला? सरकारने कोणत्याही एका बाजूला पुरता कौल दिला नाही. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा अशी वाटणी केली. १८५५ साली बोर्डाच्या जागी शिक्षणखाते आले. वरवर पाहता ही नानांच्या मताला दिलेली मान्यता वाटते. प्रत्यक्षात जी भाषा प्राथमिक शाळेत ठेवली आणि विद्यापीठाबाहेर काढली, तिच्यात वरच्या दर्जाचे ज्ञान निर्माण होण्याची वाटच बंद झाली. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून १८६० च्या दशकात देशी भाषा वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांनी घेतली. मराठीला पुन्हा एम.ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळायला १९०१ उजाडावे लागले, आणि त्यामागे न्यायमूर्ती रानडे यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. आमच्यासारख्यांच्या हाती जी पदवी आहे, तिची ही पूर्वपीठिका आहे.

यात एक विपर्यास दडलेला आहे. नानांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, मॅट्रिकच्या परीक्षेसाठी त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती सुरू झाली. ती संस्कृतची. पुढील काही पिढ्यांच्या हुशार मुलांना ‘जगन्नाथ शंकरशेट’ हे नाव माहीत झाले ते या शिष्यवृत्तीमुळे. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली. ‘शंकरशेट मिळाली’ असे घरोघर म्हटले जाई, तेव्हा त्याचा अर्थ संस्कृतात पहिला आला असा असे. संस्कृताविषयी नानांना आदर होता, यात शंका नाही, आणि त्या काळच्या विद्यापीठात मराठीची शिष्यवृत्ती ठेवणार तरी कोठे, हाही प्रश्न होताच. तरीही मराठी हेच लोकशिक्षणाचे माध्यम असावे, असा वाद घालणाऱ्या माणसाचे नाव तीन-चार पिढ्यांच्या मनात दुसऱ्याच भाषेशी बांधले गेले. ‘गनबो’तून गणबाशेट जसे ओळखू येईनासे झाले, तसेच हे झाले.

येथवर आम्ही नानांच्या बाजूने लिहिले. परंतु कागद वाचायचे तर त्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. टिपणातील ‘लोकसमूह’ या कल्पनेत कोण बसत होते? त्याच बोर्डाच्या १८५०-५१ च्या अहवालात अस्पृश्य आणि कनिष्ठ मानलेल्या जातींच्या शिक्षणाची चर्चा आहे, आणि तिचा कल आधी उच्च वर्गांना शिकवावे असाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने शिक्षणविषयक निवेदन सादर केले, तेव्हा त्यांनी या अहवालातील उतारे पुरावा म्हणून वापरले. अहवालाची भाषा पेरींच्या विचारांची आहे, हे खरे. पण नाना त्या बोर्डाचे सभासद होते, हेही खरे. स्त्रियांविषयी त्यांना जो प्रश्न सुचला, तोच प्रश्न जातीच्या उतरंडीच्या तळाशी असलेल्यांविषयी त्यांच्या टिपणात येत नाही.

तो प्रश्न विचारला तो पुण्यात. महात्मा फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यानंतर अस्पृश्य मुलांसाठीही शाळा चालवल्या. १८८२ साली हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षणधोरणाचा हिशेबच मांडला : पैसा शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. नानांचे टिपण आणि फुल्यांचे निवेदन शेजारी ठेवून वाचले, तर दोघेही झिरपण्याच्या सिद्धान्ताशीच भांडत आहेत हे दिसते. नाना ते भांडण धनिकाच्या जागेवरून, सरकारी मंडळाच्या आत बसून, शिष्ट भाषेत करतात. फुले ते बाहेरून करतात आणि पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यात घालतात. दोघांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. नानांना फुल्यांचे पूर्वसूरी ठरवणे चूक होईल. पण मराठी भाषाविचाराचा इतिहास केवळ व्याकरणे, कोश आणि निबंध यांचा नसून शिक्षणाच्या वाटपावरील वादांचाही आहे, हे या दोन कागदांमुळे विद्यार्थ्याला प्रथमच कळते. हे त्याला एम.ए.पर्यंत येऊनही कळू नये, याची जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांवर आहे.

गेल्या काही वर्षांत नानांचे नाव पुन्हा चर्चेत आले आहे. मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव २०२४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केला. गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, ग्रँट रोडजवळ नाना चौक आहे, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये पुतळा आहे. रेल्वेच्या आरंभीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, तेव्हा स्थानकाला त्यांचे नाव शोभूनच दिसेल. आमची तक्रार नावाविषयी नाही. नाव द्यायला एक ठराव पुरतो. विचार वाचायला मात्र प्रत्येक वर्षी नवा वर्ग लागतो आणि तो घेणारा शिक्षक लागतो.

म्हणून आम्ही एक छोटा उपक्रम केला. १८४७ च्या टिपणाचे मराठी भाषांतर करण्याचे काम एम.ए.च्या वर्गाला दिले. मराठीच्या बाजूने लिहिलेला हा युक्तिवाद इंग्रजीत आहे, कारण तो इंग्रज अध्यक्षाला पटवायचा होता. तो मराठीत आणणे म्हणजे ज्यांच्याविषयी तो होता त्यांच्या हाती तो देणे, असा त्यामागचा विचार. काम सोपे वाटले होते. पण पहिल्याच तासाला गाडे अडले. ‘नेटिव्ह’साठी ‘एतद्देशीय’ चालेल, यावर एकमत झाले. त्या काळी तो शब्द रूढच होता. ‘देशी भाषा’ की ‘मातृभाषा’ की ‘स्वभाषा’ यावर अर्धा तास गेला. मुंबईत मराठी, गुजराती, उर्दू अशा कित्येक भाषा एकत्र नांदत असताना आणि बोर्डावर तीन निरनिराळ्या भाषा बोलणारे सभासद असताना ‘मातृभाषा’ म्हणजे एकट्या मराठीचाच अर्थ होईल, अशी शंका एकाने काढली. ती बरोबर होती. ‘देशी भाषा’ ठेवले.

खरा वाद झाला तो ‘लोकसमूह’ या अर्थाच्या शब्दावर. एकाने ‘जनता’ लिहिले, दुसऱ्याने ‘रयत’, तिसरीने ‘बहुजन’. ‘जनता’ हा विसाव्या शतकातील राजकारणाचा शब्द वाटला. ‘रयत’ म्हणजे सारा भरणारा. त्यात मुंबईचे कारागीर, मजूर बसत नाहीत आणि टिपणातील स्त्रियाही बसत नाहीत. ‘बहुजन’ या शब्दावर मात्र वर्ग दुभंगला. फुल्यांनंतरच्या चळवळीने त्या शब्दात जो अर्थ भरला आहे, तो १८४७ च्या नानांना देणे म्हणजे त्यांच्या टिपणात नसलेले श्रेय त्यांना देणे, असे काहींचे म्हणणे. उलट तो शब्द नाकारला तर नाना केवळ आपल्या वर्गापुरतेच बोलत होते असा अर्थ होतो, आणि तोही अन्याय, असे इतरांचे म्हणणे. पहिला प्रश्न ज्या विद्यार्थिनीने विचारला होता, ती या दुसऱ्या पक्षात होती.

शेवटी वर्गाने ‘सर्वसाधारण लोक’ असा शब्दप्रयोग ठेवला आणि त्याला जोडून दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्ध्या पानात लिहून काढले. भाषांतर आता विभागाच्या फाइलमध्ये आहे. यंदाच्या वर्गाला ते आम्ही दादोबांच्या व्याकरणानंतर आणि ‘निबंधमाले’च्या आधी शिकवणार आहोत. ते अर्धे पानही त्याच्यासोबत राहील.